हसू का येतं, हसलं की काय होतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हसण्याबद्दलचे प्रश्न वर्षभर येत असतात, पण मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, जागतिक हास्यदिनाच्या आगेमागे, ते ढिगाने येतात. त्यातले अर्धे तरी "हसल्याने अमुक बरं होतं का" या जातीचे. बाकीचे जास्त मजेदार, आणि काही खरोखर काळजीचे. खाली सोप्या प्रश्नांपासून सुरुवात करून अवघड प्रश्नांकडे गेलो आहे. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हसतो तेव्हा शरीरात नेमकं काय घडतं?

हसणं हे आधी श्वासाचं काम आहे. बोलताना आपण श्वास बेताबेताने सोडतो. हसताना पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू झटक्याझटक्याने आकसतात, श्वासपटल वर ढकललं जातं आणि हवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते. त्या तुकड्यांना स्वरयंत्राचा आवाज मिळाला की 'हा हा हा' ऐकू येतं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे आवाज मोजले होते. एक 'हा' साधारण ७५ मिलिसेकंदांचा असतो आणि एका 'हा'च्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत सुमारे २१० मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जवळपास पाच. कुणी खदाखदा हसो, कुणी खिदळो, ही लय फारशी हलत नाही.

प्रत्येक झटक्याला छातीतली हवा कमी होत जाते, एरवी श्वास सोडल्यावर जेवढी उरते त्याहूनही कमी. म्हणून मुरकुंडी वळल्यावर मध्येच थांबून मोठा श्वास ओढावाच लागतो. तेवढ्या वेळात हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब थोडा चढतो, चेहरा लाल होतो. हसू ओसरलं की सगळं खाली येतं आणि स्नायू सैल पडतात. "हसल्यावर हलकं वाटतं" म्हणतात, त्यात या सैल पडण्याचा वाटा मोठा आहे.

२. हसून हसून डोळ्यांत पाणी का येतं? आणि पोट का दुखतं?

भावना कोणतीही असो, ती जोराची झाली की मेंदूकडून अश्रुग्रंथींना निरोप जातो. ग्रंथी हसणं आणि रडणं वेगळं मोजत नाहीत. त्यात जोराने हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला जातो, त्यामुळे साठलेलं पाणी गालावर येतं.

पोटाचं कारण साधं आहे. पोटाच्या ज्या स्नायूंना एरवी दिवसभर फारसं काम नसतं, त्यांना अचानक शेकडो झटके द्यावे लागतात. व्यायाम सुटलेल्यांचं पोट जास्त दुखतं.

३. विनोद 'कळतो' तेव्हा मेंदूत काय होतं?

एक जुना विनोद घेऊ. "डॉक्टर, हल्ली मला काही लक्षातच राहत नाही." "कधीपासून?" "काय कधीपासून?"

शेवटचं वाक्य ऐकताना दोन गोष्टी लागोपाठ घडतात. आधी अपेक्षा मोडते, कारण आपण "दोन महिन्यांपासून" असं काहीतरी ऐकायला तयार असतो. मग क्षणात ते मोडलेलं पुन्हा जुळतं : अरे, हा तर प्रश्नच विसरला! पहिली पायरी नुसतीच आली तर माणूस गोंधळतो. दुसरी नुसतीच आली तर ती माहिती होते. हसू येतं ते दोन्ही मिळून.

या दोन पायऱ्या मेंदूत वेगळ्या आहेत याचा चांगला पुरावा टोरांटोच्या १९९९ सालच्या एका अभ्यासात मिळतो. मेंदूच्या उजव्या कपाळखंडाला इजा झालेल्या रुग्णांना अर्धवट विनोद देऊन शेवट निवडायला सांगितला. त्यांनी वारंवार असे शेवट निवडले जे अनपेक्षित होते पण विनोदाशी जुळत नव्हते. शेवटी धक्का असतो एवढं त्यांच्या लक्षात होतं, पण जुळणी हरवली होती. चेहऱ्यावर हसूही कमीच.

जुळणी झाली की बक्षीस मिळतं. २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लोकांना विनोदी व्यंगचित्रं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा न्यूक्लियस अक्युंबन्स हा भाग सक्रिय दिसला. पैसे किंवा आवडीचं खाणं मिळण्याची चाहूल लागली की जागा होणारा तोच हा भाग.

४. मग तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकला की हसू का येत नाही?

शेवट माहीत असला की पहिली पायरीच उरत नाही (प्रश्न ३). तरीही पाठ झालेल्या कथाकथनाच्या कॅसेटवर घरंच्या घरं वर्षानुवर्षं हसत आली आहेत, कारण तिथे आपण कोटीवर हसत नसतो. सांगणाऱ्याचा आवाज, थांबण्याची जागा आणि शेजारी बसलेल्या माणसाचं आधीच फुटलेलं हसू यांवर हसतो. पीजेचं गणित आणखी वेगळं : तिथे विनोद फसणं हाच विनोद असतो.

५. खरं सांगायचं तर आमच्या कट्ट्यावर कुणी फार विनोदी बोलत नाही. तरी आम्ही सतत हसतो. हे नॉर्मल आहे का?

अगदी नॉर्मल. माझ्या मते या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण हसण्याबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ 'हसणं म्हणजे विनोदाला दिलेली दाद' या समजुतीत आहे.

प्रोव्हाइन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात लोकांच्या गप्पांवर कान ठेवून हसण्याचे १,२०० प्रसंग टिपले. हसण्याच्या आधीचं वाक्य विनोद म्हणावं असं होतं ते फक्त १० ते २० टक्के प्रसंगांत. उरलेल्या वेळी "बरं, भेटू मग", "तो बघ आला" असली वाक्यं. आणखी एक गोष्ट दिसली : ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता, सरासरी ४६ टक्क्यांनी. शिवाय हसू वाक्याच्या मध्ये क्वचितच घुसत होतं. जिथे लिहिताना आपण स्वल्पविराम किंवा पूर्णविराम देऊ, तिथे ते येत होतं.

म्हणजे रोजच्या व्यवहारात हसण्याचं मुख्य काम "मी तुझ्यातला आहे, सगळं ठीक आहे" एवढं सांगण्याचं आहे. लग्नघरात रात्री हॉलभर गाद्या घातल्यावर जो हशा पिकतो, त्यातला एक विनोद दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगून बघा. कुणीही हसणार नाही, आणि चूक विनोदाची नसेल.

६. मोबाइलवर एकट्याने कॉमेडी बघताना मी फक्त नाकातून 'हं' करतो. तीच नाट्यगृहात बघताना खुर्चीतून पडायची वेळ येते. का?

कारण वर आलं आहे (प्रश्न ५). प्रोव्हाइन यांच्याच नोंदींनुसार एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे ३० पट जास्त हसतो. शिवाय हसू संसर्गजन्य आहे. लंडनमध्ये २००६ साली झालेल्या अभ्यासात असं दिसलं की नुसता हसण्याचा आवाज कानावर पडला, तरी ऐकणाऱ्याच्या मेंदूतले चेहऱ्याच्या स्नायूंची तयारी करणारे भाग हलू लागतात. अमेरिकन टीव्हीने १९५० पासून मालिकांना ध्वनिमुद्रित हशा जोडायला सुरुवात केली ती याच भरवशावर. आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांत परीक्षकांना मोठमोठ्याने हसताना पुन्हा पुन्हा दाखवतात, त्यामागचा हिशोब तोच. त्याचा अतिरेक होतो हे माझं वैयक्तिक मत.

७. खरं हसू आणि ओढूनताणून आणलेलं हसू यांत शरीराच्या दृष्टीने फरक आहे का?

आहे. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ मध्ये दाखवलं की मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. फोटोग्राफरने "हसा" म्हटल्यावर सहसा फक्त ओठ हलतात. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही, काहींना डोळ्यांनीही खोटं हसता येतं.

आतली वायरिंगही वेगळी आहे. मुद्दाम हसताना आज्ञा मेंदूच्या बाह्यस्तरातल्या हालचालींच्या भागांतून येते. आपसूक फुटलेलं हसू अमिग्डाला, हायपोथॅलॅमस आणि मेंदूखोड या जुन्या, खोलवरच्या वाटेने येतं. याचा चमत्कारिक पुरावा काही पक्षाघाताच्या रुग्णांत दिसतो. "हसून दाखवा" म्हटलं की त्यांचा अर्धाच चेहरा हलतो, पण नातू काही बोबडं बोलला की पूर्ण चेहरा हसतो.

खोट्या हसण्याचाही मनावर थोडासा परिणाम होतो. १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्यावर लोकांना किंचित अधिक आनंदी वाटलं. किंचित हा शब्द विसरू नका.

८. हास्यक्लबात विनोद नसतोच, नुसते हात वर करून हसतात. त्याचा उपयोग होतो का?

ही कल्पना आपल्या मुंबईची. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब भरवला. सुरुवातीला तिथे रोज विनोद सांगत. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, उरलेले कुणाला ना कुणाला बोचू लागले, तेव्हा विनोद काढून टाकून नुसतं हसायचं ठरलं. आज हे प्रकरण जगभर पसरलं आहे.

"खरं हसू की खोटं, हे शरीराला कळतच नाही" असं क्लबात सांगतात. ते तसं नाही, प्रश्न ७ पाहा. पण पंधरा-वीस माणसं समोरासमोर उभी राहून खोटं हसू लागली की मिनिटाभरात त्यातल्या काहींना खरं हसू फुटतं आणि ते पसरतं. शिवाय सकाळी उठून बाहेर पडणं, दीर्घ श्वास, हातापायांची हालचाल आणि ठरलेल्या वेळी वाट बघणारी माणसं, हे सगळं त्यात येतं. फायदा यातल्या नेमक्या कशाचा हे वेगळं काढणं संशोधकांना जड जातं. जाणाऱ्याला त्याची फिकीर नसावी. ज्यांचा जोडीदार गेला आहे किंवा मुलं परदेशी आहेत, अशा कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत जा म्हणतो. फक्त औषधं बंद करून जाऊ नका.

९. हसल्याने आजार बरे होतात, हे सिद्ध झालं आहे का?

नाही. पुष्कळदा या दाव्यामागे नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाची गोष्ट असते. १९६४ मध्ये त्यांना मणक्याचा वेदनादायक आजार झाल्याचं निदान झालं. त्यांनी हॉटेलात मुक्काम हलवला, विनोदी फिल्म बघितल्या आणि क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतले. दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा त्यांचा अनुभव. १९७६ मध्ये त्यांनी तो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. ते बरे झाले हे खरं. हसण्यामुळे झाले, क जीवनसत्त्वामुळे, की आजार आपणहून ओसरला, हे एका माणसाच्या गोष्टीवरून ठरवता येत नाही.

त्यानंतर रोगप्रतिकारशक्ती, ताणाची संप्रेरकं यांवर बरेच प्रयोग झाले. बहुतेक लहान, थोड्या वेळाचे, आणि एकमेकांशी न जुळणारे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००१ मध्ये तोवरचा पुरावा तपासला, तेव्हा तो लोक समजतात त्यापेक्षा बराच कच्चा निघाला. वेदनेच्या बाबतीत चित्र बरं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

१०. हसल्याने दुखणं कमी जाणवतं, हे तरी खरं ना?

हो, काही वेळापुरतं. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी लोकांना गटाने विनोदी व्हिडिओ दाखवले, आणि आधी व नंतर ते किती वेदना सोसू शकतात ते मोजलं. त्यासाठी दंडाला गोठवलेली पट्टी गुंडाळणं, रक्तदाबाचा पट्टा आवळणं असे उपाय केले. खळखळून हसलेल्यांची सहनशक्ती वाढली होती. नुसता प्रसन्न वाटणारा, पण न हसवणारा कार्यक्रम बघून ती वाढली नाही.

२०१७ मध्ये फिनलंडमधल्या प्रयोगात यामागचं रसायन दिसलं. १२ पुरुषांना जवळच्या मित्रांबरोबर अर्धा तास विनोदी फिल्म दाखवल्यावर त्यांच्या मेंदूत एंडॉर्फिनसारखी, शरीराने स्वतः बनवलेली, अफूसारखं काम करणारी द्रव्यं सुटल्याचं पेट स्कॅनमध्ये आढळलं. दोन्हीकडे माणसं एकटी नव्हती, हे लक्षात घ्या.

११. हृदयाला आणि साखरेला फायदा?

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २० निरोगी लोकांना एकदा विनोदी आणि एकदा तणावाचा सिनेप्रसंग दाखवून दंडातली रक्तवाहिनी तपासली. विनोदी प्रसंगानंतर २०पैकी १९ जणांची रक्तवाहिनी अधिक सैल झाली, तणावाच्या प्रसंगानंतर १४ जणांची आवळली. जपानमध्ये २००३ साली टाइप टू मधुमेहाच्या १९ रुग्णांना एका दिवशी जेवणानंतर कंटाळवाणं व्याख्यान ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी दोघा विनोदवीरांचा जुगलबंदीचा कार्यक्रम दाखवला. जेवणानंतरची साखर हसण्याच्या दिवशी कमी चढली.

दोन्ही निष्कर्ष छान आहेत आणि दोन्ही प्रयोग छोटे आहेत. गोळी आणि चालणं यांच्या जागी हसणं येऊ शकत नाही.

१२. हसून वजन कमी होतं का?

रोज दहा-पंधरा मिनिटं खरंखुरं हसलात तर १० ते ४० कॅलरी जास्त जळतील. एखाद-दुसऱ्या मारी बिस्किटाचा हिशोब.

१३. लहान मुलं दिवसातून ४०० वेळा हसतात आणि मोठी माणसं १५ वेळा, हे खरं का?

हा आकडा कुठल्या मोजणीतून आला ते कुणालाच दाखवता आलेलं नाही. "भुवया चढवायला इतके स्नायू, हसायला तितके" याचीही तीच गत. फॉरवर्ड करू नका.

१४. बाळ झोपेत हसतं. आजी म्हणते सटवाई हसवते. डॉक्टर म्हणतात गॅस. खरं काय?

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतलं हसू बहुतेक वेळा डोळे फिरण्याच्या, म्हणजे रेम झोपेत येतं. मेंदूखोडातून आपोआप उठणारी ती हालचाल आहे, गॅसशी तिचा संबंध नाही. गॅस झालेलं बाळ हसत नाही, कळवळतं. तुमच्याकडे बघून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतं आणि आवाज काढून खिदळणं चौथ्या महिन्याच्या आसपास. जन्मतः अंध आणि बधिर असलेली मुलंही हसतात, त्यामुळे हसणं शिकवावं लागत नाही हे नक्की. आजीला सटवाईबद्दल दुरुस्त करत बसू नये, तिचं निरीक्षण बरोबर आहे : बाळाचं ते हसणं आपल्यासाठी नसतं.

१५. स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत?

आपला हात कुठे, कधी लागणार याचा अंदाज लहान मेंदू आधीच बांधतो आणि त्या स्पर्शाची जाणीव बोथट करतो. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर यांनी १९९८ मध्ये हे स्कॅनिंगने दाखवलं. पुढे त्यांनी यंत्रमानवाचा हात मध्ये घालून स्वतःच्याच हालचालीला सेकंदाच्या काही दशांशांचा उशीर लावला, तेव्हा लोकांना स्वतःच्याच गुदगुल्या जास्त जाणवू लागल्या.

गुदगुल्यांचं हसू विनोदाच्या हसण्यापेक्षा जुनं असावं. उंदरांना पोटावर गुदगुल्या केल्या की ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. तो आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडचा. जाक पँकसेप यांनी १९९०च्या दशकात तो यंत्राने पकडला. बर्लिनमध्ये २०१६ साली त्याच उंदरांच्या जातभाईंना उंच फळीवर, लख्ख उजेडात ठेवून गुदगुल्या केल्या, तर घाबरलेल्या उंदरांचं चिवचिवणं घटलं. भीती वाटत असेल तर गुदगुल्यांनी खरं हसू येत नाही, हे मुलांना धरून गुदगुल्या करणाऱ्या काका-मामांनी लक्षात घ्यावं. मूल हसत असलं तरी "नको" म्हणालं की थांबायचं.

१६. मोठ्याने हसणं असभ्य का मानतात? त्यात काही अर्थ आहे का?

ही समजूत फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे सहा प्रकार आहेत. स्मित आणि हसित उत्तम पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यम पात्रांचे, अपहसित आणि अतिहसित अधम पात्रांचे. दात न दाखवता गालातल्या गालात हसणं वरच्या पायरीवर, आणि डोळ्यांत पाणी आणून, अंग घुसळून हसणं तळाला. ही रंगभूमीवरच्या पात्रांची वर्गवारी आहे, आरोग्याचा सल्ला नाही. शरीराच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न १०मधला फायदा तळाच्या दोन प्रकारांकडेच झुकतो. "हसतील त्याचे दात दिसतील", दिसू देत. मुलींना मात्र अजून "एवढ्या मोठ्याने काय हसतेस" ऐकावं लागतं, ती दुसरीच गोष्ट आहे.

१७. मयताच्या ठिकाणी मला हसू आवरत नाही. मी निर्दयी आहे का?

नाही. ताण वाढला आणि बाहेर पडायला वाट नसली की हसू फुटतं. येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रम यांच्या प्रसिद्ध प्रयोगात लोकांना दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देण्याची आज्ञा होती. झटके खोटे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. ४०पैकी १४ जणांना मध्येच हसू येऊ लागलं, आणि नंतर ते कळवळून सांगत होते की आम्हाला यात मजा वाटत नव्हती. त्यात 'हसायचं नाही' हा दाब, आणि शेजारच्या चुलतभावाची नजर. उपाय गावठी आहे : त्याच्याकडे बघू नका, श्वास लांब सोडा, नाहीतर पाणी प्यायला बाहेर या.

१८. हसता हसता लघवी होते. कुणाला विचारायचीही लाज वाटते.

सर्वात जास्त खासगी संदेश याच प्रश्नाचे येतात, आणि "वय झालं, चालायचंच" हे उत्तर चुकीचं आहे. हसताना पोटातला दाब एकदम वाढतो. बाळंतपणानंतर किंवा रजोनिवृत्तीनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतील, तर तो दाब त्यांना पेलत नाही. शिंकताना, खोकतानाही हेच होतं. या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून काही महिने केले तर बहुतेकींना चांगला फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.

शाळकरी मुलींमध्ये एक वेगळा प्रकार असतो : एरवी काहीच त्रास नाही, पण हसू फुटलं की पूर्ण मूत्राशय रिकामं होतं. ते स्नायू सैल पडल्यामुळे नसतं. रागावू नका. वयाबरोबर ते बरेचदा कमी होतं, आणि त्यावर उपचारही आहेत.

१९. हसल्याने काही धोका होऊ शकतो? कुणी जपून हसावं?

दम्याच्या रुग्णांना जोराच्या हसण्याने खोकला आणि घरघर सुरू होऊ शकते. प्रत्येक वेळी तसं होत असेल, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ असतो आणि औषधांचा फेरविचार व्हायला हवा. काहींना हसताना छातीतला दाब वाढून भोवळ येते. जबडा निखळण्याची सवय असलेल्यांचा जबडा हसताना निखळू शकतो. पोटाच्या ऑपरेशननंतर किंवा सिझेरियननंतर टाक्यांवर उशी दाबून धरा, मग बघायला आलेल्यांना हसवू द्या.

हसून माणूस मरतो का, हेही विचारतात. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या किंग्ज लिनमध्ये टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम बघत सुमारे २५ मिनिटं हसल्यावर एका माणसाचं हृदय बंद पडलं. २०१२ मध्ये त्यांच्या नातीला लाँग क्यूटी सिंड्रोम हा हृदयाच्या लयीचा आनुवंशिक दोष आढळला, तेव्हा आजोबांनाही तोच असावा असा तर्क निघाला. हसू निमित्त, दोष आधीचा.

२०. जोरात हसलं की माझ्या हातातली ताकद जाते. कप सुटतो. हे काय आहे?

थोडं सगळ्यांचंच होतं. १९९९ च्या एका अभ्यासात निरोगी माणसांचा पायातला एक प्रतिक्षिप्त प्रतिसाद हसताना घटलेला आढळला. हसून 'हातपाय गळाले' हे त्यामुळे शब्दशः खरं आहे.

पण हसल्यावर गुडघे खरोखर दुमडत असतील, मान खाली पडत असेल, जबडा लटकत असेल, शुद्ध मात्र पूर्ण असेल आणि काही सेकंदांत सगळं ठीक होत असेल, तर तो कॅटाप्लेक्सी हा प्रकार असू शकतो. त्याच्या जोडीला दिवसा अनावर झोप येत असेल तर शंका पक्की करा. नार्कोलेप्सी या आजारात मेंदूतलं ओरेक्सिन हे द्रव्य बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात, त्याचं हे लक्षण आहे. अशा लोकांना अनेकदा वर्षानुवर्षं आळशी किंवा नाटकी ठरवलं जातं. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा निद्राविकारांचे डॉक्टर हे ओळखतात.

२१. टांझानियात एक शाळा हसण्याच्या साथीने बंद पडली होती म्हणतात. हसू इतकं पसरतं?

घटना खरी आहे. ३० जानेवारी १९६२ रोजी तेव्हाच्या टांगानिकातल्या काशाशा इथल्या मुलींच्या निवासी शाळेत तीन मुलींपासून सुरुवात झाली, १५९पैकी ९५ जणींना लागण झाली आणि १८ मार्चला शाळा बंद करावी लागली. पण त्यात आनंद नव्हता. हसण्याबरोबर रडणं, अस्वस्थता, पळापळही होती. तणावाखालच्या गटात लक्षणं एकमेकींकडे पसरतात त्यातला हा प्रकार. कट्ट्यावरच्या संसर्गाशी (प्रश्न ६) त्याची गल्लत करू नये.

२२. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून ते मध्येच हसतात, नाहीतर रडतात. आम्ही रागावतो. मुद्दाम करतात का?

मुद्दाम नाही. पक्षाघात, मोटर न्यूरॉनचा आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस यांत भावना व्यक्त करण्यावरचा मेंदूचा लगाम सुटतो. क्षुल्लक कारणाने, किंवा कारण नसतानाही, हसू किंवा रडू सुरू होतं, आणि आत तशी भावना असेलच असं नाही. काहीजण बातमीतला अपघात ऐकून हसतात आणि स्वतःच ओशाळतात. घरच्यांनी विषय शांतपणे बदलावा, "असं काय करता" म्हणू नये. काही नैराश्यविरोधी औषधं कमी मात्रेत दिली तरी उपयोग होतो. डॉक्टरांना हे आपणहून सांगा, कारण तपासणीच्या पाच मिनिटांत ते दिसेलच असं नाही.

२३. काकांना कधी विनोदाची सवय नव्हती. आता सत्तरीत दिवसभर कोट्या करतात, तेही अचकटविचकट. काळजी करावी का?

स्वभावात असा ठळक बदल झाला असेल तर हो. कपाळखंडाला, विशेषतः उजव्या, इजा झाल्यावर अनावर कोट्या करण्याचं लक्षण डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच नोंदवलं आहे. गंमत अशी की दुसऱ्याने केलेल्या विनोदावर हे रुग्ण फारसे हसत नाहीत, कारण प्रश्न ३मधली जुळणी बिघडलेली असते. फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशातही विसरभोळेपणाच्या आधी विनोदाची जात बदललेली दिसू शकते : सूक्ष्म विनोद सुटतो, कुणी धडपडलं तर हसू येतं, गंभीर बातमीवरही हसू येतं. जन्मभर चावट असलेल्या काकांना हे लागू नाही.

२४. माझ्या सात वर्षांच्या मुलीला झोपेतून उठूनही एकदम हसू येतं. अर्ध्या मिनिटात थांबतं. तिला विचारलं तर कशाचं हसू आलं ते सांगता येत नाही.

झोपेत हसणाऱ्या तान्ह्या बाळासारखं (प्रश्न १४) हे नाही. एकसारखं, कारणाशिवाय येणारं, दर वेळी तेवढाच वेळ टिकणारं आणि आनंद नसलेलं हसू हा अपस्माराचा झटका असू शकतो. त्याला जिलॅस्टिक झटका म्हणतात. हायपोथॅलॅमसमध्ये जन्मापासून असलेली, कर्करोग नसलेली छोटी गाठ हे त्याचं एक ठरलेलं कारण, आणि तिच्यावर उपचार आहेत. घरात "किती हसरी आहे" म्हणून हे झटके बरीच वर्षं दुर्लक्षित राहतात.

मुलीने कारण सांगितलं, तरी तेवढ्यावर विसंबू नका. १९९८ मध्ये अमेरिकेत एका १६ वर्षांच्या मुलीच्या मेंदूतल्या एका बिंदूला शस्त्रक्रियेच्या तयारीत सौम्य विद्युतप्रवाह दिला, तर ती हसली. का हसलीस विचारल्यावर तिने दर वेळी नवं कारण दिलं : समोरचं चित्र, वाचायला दिलेला मजकूर, शेवटी तर खोलीत उभे असलेले डॉक्टरच गमतीदार आहेत म्हणाली. हसू आधी आलं आणि कारण मेंदूने मागाहून शोधलं.

पुढच्या वेळी हसू आलं की मोबाइलवर व्हिडिओ काढा. चेहरा, डोळे आणि हात त्यात दिसू द्या, वेळ लिहून ठेवा, आणि बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ईईजी नॉर्मल आला तरी एमआरआयबद्दल विचारा, कारण खोलवरच्या झटक्यांची नोंद डोक्यावर लावलेल्या तारांपर्यंत पोचतेच असं नाही.